विश्वचषकाची मांडणी आणि मैदानावरील खेळ

फुटबॉलच्या खेळाचे नियम एकंदर सतरा आहेत, आणि त्यांतील महत्त्वाचे नियम आपल्या शाळेंतील लहानसा विद्यार्थीसुद्धां तोंडपाठ म्हणून दाखवील. चेंडू हातानें अडवूं नये, प्रतिपक्षाच्या गड्यास पाडूं नये, पंचाचा निर्णय मुकाट्यानें मानावा, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु या सतरा नियमांच्या बाहेर आणखी एक कागद असतो, व तो स्पर्धा भरविणारें मंडळ आधींच तयार करून ठेवतें. कोणता संघ कोणाशीं खेळेल, किती संघ पुढें जातील, बरोबरी झाल्यास काय करावें, गुण समान झाल्यास कोणास वर धरावें, या गोष्टी त्या कागदावर लिहिलेल्या असतात. प्रेक्षकांपैकीं फारसा कोणी तो वाचीत नाहीं. मात्र मैदानावर उतरलेले अकरा गडी जोरानें चढाई करतील कीं चेंडू आपसांत फिरवीत वेळ काढतील, हें पुष्कळदां त्या कागदावरच ठरून गेलेलें असतें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या कागदाचा थोडा विचार करणार आहों.

खेळाडूनें जीव तोडून खेळ केला नाहीं, म्हणजे आपण लागलीच त्याच्या शीलास दोष देतों. तो दोष कधीं कधीं खराही असतो. परंतु आमच्या मतें अशा पुष्कळ प्रसंगीं मूळ दोष मांडणीचा असतो. ज्या मांडणींत हरल्यानें, बरोबरी केल्यानें, किंबहुना स्वतःच्याच जाळ्यांत चेंडू मारल्यानें संघाचा लाभ होतो, त्या मांडणींत तसें करणारे गडी आज ना उद्यां निघणारच. वाचकांस ही अतिशयोक्ति वाटेल. परंतु पुढें जीं उदाहरणें येतील तीं सर्व घडलेलीं आहेत.

सामने लावण्याच्या मुख्य पद्धति दोन. पहिली बाद पद्धति: जो हरला तो घरीं गेला. दुसरी साखळी पद्धति: प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावें, विजयास ठराविक गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य, आणि शेवटीं ज्याचे गुण अधिक तो वर. वर्गावर्गांचे सामने लावतांना क्रीडाशिक्षकांपुढेंही हाच प्रश्न असतो. सोळा संघ असले तर बाद पद्धतीनें पंधरा सामन्यांत निकाल लागतो, कारण प्रत्येक सामन्यांत एक संघ गळतो व शेवटीं एकच उरावयाचा असतो. तेच सोळा संघ एका साखळींत घातले तर १२० सामने होतात. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. बाद पद्धतीस वेळ थोडा लागतो, पण तींत एका वाईट दिवसाची शिक्षा फार मोठी होते. साखळींत न्याय अधिक, पण वेळ फार. शिवाय अखेरच्या दिवसांत असे सामने उरतात कीं त्यांच्या निकालाचें कोणास सोयरसुतक नसतें. म्हणून संघांचे लहान गट पाडून त्यांत साखळी खेळवावी व पुढें बाद फेऱ्या घ्याव्या, अशी मिश्र पद्धति रूढ झाली. ती एका दिवसांत मात्र सुचली नाहीं.

पहिली विश्वचषक स्पर्धा १९३० सालीं दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशांत झाली. तींत तेराच संघ होते, आणि पात्रता-सामने मुळींच नव्हते. निमंत्रण स्वीकारून जे आले ते खेळले. १९३४ सालीं इटलींत सोळा संघ जमले व सगळी स्पर्धा बाद पद्धतीनें खेळविण्यांत आली. त्याचा परिणाम काय झाला तो पाहा. ब्राझील व अर्जेंटिना यांचे संघ आगबोटीनें अटलांटिक महासागर ओलांडून युरोपांत आले. ब्राझीलचा स्पेननें ३-१ असा व अर्जेंटिनाचा स्वीडननें ३-२ असा पराभव केला, आणि दोघेही एकेक सामना खेळून आल्या वाटेनें परत गेले. चार वर्षांनीं फ्रान्समध्यें हीच गोष्ट आशियाच्या वाट्यास आली. आज ज्यास आपण इंडोनेशिया म्हणतों त्या देशाचा संघ तेव्हां डच ईस्ट इंडीज या नांवानें तेथें गेला होता. विश्वचषकांत उतरलेला आशिया खंडांतील हा पहिला संघ. हंगेरीनें त्याचा ६-० असा पराभव केला, आणि एवढ्या दूरच्या प्रवासाचें फळ नव्वद मिनिटांत संपलें.

यानंतर महायुद्धामुळें बारा वर्षें खंड पडला, व १९५० सालीं ब्राझीलमध्यें स्पर्धा पुन्हां भरली तेव्हां मांडणी अगदीं दुसऱ्या टोकास गेली. आधीं चार गट, आणि चारही गटविजेत्यांची पुन्हां एक साखळी. अंतिम सामना असा ठेवलाच नव्हता. याच स्पर्धेंत आपल्या भारताचें नांव होतें. पात्रता-गटांतील इतर देशांनीं माघार घेतल्यामुळें भारत एकही सामना न खेळतां पात्र ठरला होता, व त्यास इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटांत स्थान मिळालें होतें. परंतु भारताचा संघ गेला नाहीं. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून आपले गडी गेले नाहींत, अशी गोष्ट घरोघरीं सांगितली जाते. ती सर्वस्वीं खरी मानण्यास आम्ही तयार नाहीं. लांबचा सागरप्रवास, सरावास अपुरा वेळ, आणि ऑलिंपिक स्पर्धा हीच अधिक मोलाची असें तेव्हांच्या चालकांस वाटणें, हींही कारणें तिच्या जोडीस सांगितलीं जातात.

माघार घेणारा भारत एकटाच नव्हता. त्या माघारींचा परिणाम असा झाला कीं दोन गटांत चार चार संघ, एकांत तीन, आणि एका गटांत तर उरुग्वे व बोलिव्हिया हे दोनच संघ उरले. ब्राझीलला पुढें जाण्यास तीन सामने खेळावे लागले. उरुग्वेनें एकच सामना खेळून, बोलिव्हियास ८-० असें हरवून, शेवटच्या चौघांत स्थान मिळविलें. गट पुन्हां नीट वांटण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं! शेवटच्या साखळींत ब्राझीलनें स्वीडनवर ७-१ व स्पेनवर ६-१ असे प्रचंड विजय मिळविले. उरुग्वेची स्पेनशीं २-२ अशी बरोबरी झाली व स्वीडनवर ३-२ असा निसटता विजय मिळाला. त्या काळीं विजयास दोन गुण असत. म्हणून १६ जुलै १९५० रोजीं रिओ शहरांतील माराकाना मैदानावर हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हां ब्राझीलचे चार गुण होते व उरुग्वेचे तीन. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. उत्तरार्धाच्या आरंभींच ब्राझीलनें गोल केला, आणि तरीही उरुग्वेनें सामना २-१ असा जिंकला. मैदानावर जमलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांवर त्या वेळीं जी अवकळा पसरली तिचें वर्णन ब्राझीलमध्यें अजूनही करतात. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं हा सामना निर्णायक ठरला तो केवळ योगायोगानें. स्वीडननें किंवा स्पेननें वेगळा निकाल लावला असता तर जगज्जेता कदाचित् आधींच ठरून गेला असता, व त्या अफाट गर्दीनें एक निरर्थक सामना पाहिला असता. तेव्हांपासून आजवर प्रत्येक विश्वचषकाचा शेवट अंतिम सामन्यानेंच होत आला आहे.

१९५४ सालची स्वित्झर्लंडमधील मांडणी तर फारच चमत्कारिक होती. प्रत्येक गटांत चार संघ. त्यांतील दोन आधींच प्रबळ म्हणून ठरविलेले. प्रबळांनीं एकमेकांशीं खेळावयाचें नाहीं, दुर्बळांनींही एकमेकांशीं खेळावयाचें नाहीं. म्हणजे प्रत्येकास दोनच सामने. दुसऱ्या स्थानासाठीं गुण समान झाले तर त्या दोघांनीं पुन्हां एक सामना खेळावा. एका गटांत हंगेरी व तुर्कस्तान हे प्रबळ ठरले, आणि पश्चिम जर्मनी व दक्षिण कोरिया हे दुर्बळ. आतां जर्मनांचे शिक्षक सेप हेरबर्गर यांचा हिशेब पाहा. तुर्कस्तानास त्यांनीं ४-१ असें हरविलें होतें. हंगेरीचा संघ त्या काळीं अजिंक्य समजला जात असे. त्याच्याशीं हरलों तरी तुर्कस्तानाशीं पुन्हां गांठ पडेल, आणि तो सामना आपण जिंकूं. मग आपले उत्तम गडी हंगेरीपुढें कां दमवावे? त्यांनीं कित्येक राखीव गडी उतरविले व ८-३ असा पराभव पत्करला. पुढें तुर्कस्तानास ७-२ असें हरविलें. आणि बर्न येथील अंतिम सामन्यांत त्याच हंगेरीला ३-२ असें नमवून विश्वचषक नेला. हेरबर्गर यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं कागद नीट वाचला होता, एवढेंच.

तुर्कस्तान त्या स्पर्धेंत आला कसा, हीही ऐकण्यासारखी गोष्ट आहे. पात्रतेसाठीं त्याची गांठ स्पेनशीं होती. स्पेननें आपल्या घरीं ४-१ असा विजय मिळविला, तुर्कांनीं आपल्या घरीं १-०. गोलांची बेरीज धरली असती तर स्पेन सहज पुढें गेला असता. परंतु त्या कागदावर बेरजेस स्थान नव्हतें. म्हणून तिसरा सामना रोम येथें झाला व तो २-२ असा बरोबरींत सुटला. तेव्हां एका मुलाचे डोळे बांधून त्याच्या हातून चिठ्ठी काढविली, आणि चिठ्ठी तुर्कस्तानची निघाली. स्पेनचे गडी त्या मुलाविषयीं काय म्हणाले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

पात्रतेचा प्रश्न केवळ चिठ्ठ्यांचा नसतो; जागा कोणास किती, हा त्याहून मोठा. १९६६ सालीं इंग्लंडमध्यें झालेल्या स्पर्धेंत सोळा जागा होत्या. त्यांपैकीं दहांवर युरोपचे संघ खेळले व चारांवर दक्षिण अमेरिकेचे. आफ्रिका, आशिया व ओशिआनिया या सगळ्या विस्तीर्ण प्रदेशास मिळून एकच जागा ठेवलेली होती! आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं यास हरकत घेतली, व ती ऐकली जात नाहीं असें पाहून स्पर्धेवर बहिष्कार घातला. ती एकुलती एक जागा उत्तर कोरियास मिळाली. या अनोळखी संघानें इंग्लंडांत जाऊन इटलीसारख्या बलाढ्य संघास १-० असें हरविलें, आणि पुढच्या फेरींत पोर्तुगालविरुद्ध तीन गोलांची आघाडी घेऊन मग ५-३ असा पराभव पत्करला. ज्यांस एकच जागा देणेंही जड वाटत होतें त्यांचा खेळ असा निघाला. १९७० पासून आफ्रिकेस स्वतःची जागा मिळाली. बहिष्कार अगदींच व्यर्थ गेला नाहीं.

आतां आम्ही ज्या सामन्याकडे वळतों तो फुटबॉलच्या इतिहासांत फार कुप्रसिद्ध आहे, आणि त्याचें गणित समजून घेतल्यावांचून त्यांतील अन्याय समजत नाहीं. १९८२ सालीं स्पेनमधील स्पर्धेंत पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अल्जीरिया व चिली हे एका गटांत होते. पहिल्याच सामन्यांत अल्जीरियानें जर्मनीला २-१ असें हरवून सर्वांस चकित केलें. पुढें ऑस्ट्रियानें अल्जीरियास २-० असें हरविलें, व अल्जीरियानें २४ जून रोजीं आपल्या अखेरच्या सामन्यांत चिलीवर ३-२ असा विजय मिळविला. त्यांचे चार गुण झाले, आणि खेळ संपला. आतां स्वस्थ बसून दुसऱ्यांचा सामना पाहणें एवढेंच त्यांच्या हातीं उरलें. जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना दुसऱ्या दिवशीं, २५ जून रोजीं, हिहोन या गांवीं होता. त्या वेळीं जर्मनीचे दोन गुण होते व ऑस्ट्रियाचे चार.

विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातीं घ्यावी. अल्जीरियानें एकंदर पांच गोल केले होते व त्याच्यावर पांच झाले होते, फरक शून्य. ऑस्ट्रियानें तीन केले होते, त्याच्यावर एकही नव्हता, फरक तीन. जर्मनी हरली किंवा बरोबरी झाली, तर जर्मनी बाहेर. जर्मनी तीन किंवा अधिक गोलांनीं जिंकली, तर ऑस्ट्रिया बाहेर पडण्याचा संभव. परंतु जर्मनी एका किंवा दोन गोलांनीं जिंकली, तर तिन्ही संघांचे चार चार गुण होऊन गोलांच्या फरकानें जर्मनी व ऑस्ट्रिया दोघेही पुढें, आणि अल्जीरिया घरीं. हें सारें गणित मैदानावर उतरण्यापूर्वीं दोन्ही संघांस ठाऊक होतें. दहा मिनिटांच्या सुमारास जर्मनीच्या ह्रुबेश यानें गोल केला. त्यानंतरच्या ऐंशीं मिनिटांस खेळ हें नांव देणें कठीण आहे. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. चढाई नाहीं, धडपड नाहीं. अल्जीरियाचे प्रेक्षक नोटा हलवून दाखवूं लागले, म्हणजे हा सौदा झाला आहे असें त्यांस सुचवावयाचें होतें. सामना १-० असा संपला. अल्जीरियानें तक्रार केली. परंतु कोणताही नियम मोडलेला नव्हता, व निकाल कायम राहिला.

दोन्ही संघांत आधीं कांहीं ठरलें होतें कीं नाहीं, या वादांत आम्ही पडत नाहीं. ठरविण्याची गरजही नव्हती. एकाच निकालांत दोघांचें हित आहे हें दोघांस दिसत असतां, तोंडानें एक शब्द न बोलतां दोघे तेथें येऊन पोहोंचतात. खरी चूक वेळापत्रकाची होती: गटांतील अखेरचे दोन सामने वेगवेगळ्या दिवशीं ठेवल्यामुळें मागून खेळणाऱ्यांच्या हातीं संपूर्ण हिशेब आयता आला. चारच वर्षांपूर्वीं, १९७८ सालीं, अर्जेंटिनांत हाच प्रकार दिसला होता. ब्राझीलचा सामना आधीं आटोपला. त्यामुळें पेरूला चार गोलांनीं हरविलें पाहिजे हें अर्जेंटिनास खेळण्यापूर्वींच ठाऊक झालें, आणि त्यानें सहा गोल केले. तेव्हां मंडळ जागें झालें नाहीं. हिहोननंतर मात्र झालें. १९८६ पासून विश्वचषकांत प्रत्येक गटाचे अखेरचे दोन्ही सामने एकाच वेळीं सुरू होतात. आज आपण दोन मैदानांवरचे खेळ एकदम चाललेले पाहतों त्याचें मूळ अल्जीरियाच्या त्या दुःखांत आहे.

मांडणीनें मनुष्याकडून काय काय करवावें यास खरोखर सीमा नाहीं. १९९४ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजमधील बेटांच्या कॅरिबियन चषकाचे पात्रता-सामने चालू होते. मंडळानें ठरविलें होतें कीं कोणताही सामना बरोबरींत सुटूं द्यावयाचा नाहीं. बरोबरी झाल्यास जादा वेळ खेळावा, त्यांत पहिला गोल होतांच सामना संपावा, आणि तो गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरावा. खेळ रंगावा हा हेतु चांगलाच होता. एका गटांत बार्बाडोस, ग्रेनाडा व प्वेर्तो रिको हे तीन संघ होते. अखेरचा सामना २७ जानेवारी रोजीं बार्बाडोस व ग्रेनाडा यांच्यांत झाला. पुढें जाण्यास बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकानें जिंकणें अवश्य होतें; एका गोलानें जिंकल्यास ग्रेनाडा पुढें जाई.

बार्बाडोसनें दोन गोल केले व सर्व यथास्थित चाललें होतें. ८३ व्या मिनिटास ग्रेनाडानें एक गोल फेडला, २-१. आतां बार्बाडोसला थोड्या मिनिटांत आणखी एक गोल हवा, आणि ग्रेनाडाचे सगळे गडी तर बचावास मागें उभे. तेव्हां बार्बाडोसच्या गड्यांच्या डोक्यांत प्रकाश पडला. सामना बरोबरींत गेला तर जादा वेळ मिळेल, आणि त्यांत केलेला एक गोल दोनांच्या किंमतीचा! सामना संपण्यास तीनेक मिनिटें असतां त्यांनीं चेंडू मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यांत मारला, २-२. ग्रेनाडाच्या गड्यांस हा डाव उमगला तेव्हां त्यांच्याही ध्यानांत आलें कीं आपण ३-२ असें जिंकलों तरी पुढें जातों, व ३-२ असें हरलों तरी पुढें जातों. म्हणजे कोणत्याही जाळ्यांत एक गोल झाला कीं काम झालें. मग उरलेलीं मिनिटें ग्रेनाडाचे गडी दोन्ही टोकांस धांवत आहेत, आणि बार्बाडोसचे गडी स्वतःच्या जाळ्याबरोबर प्रतिपक्षाच्या जाळ्याचेंही रक्षण करीत आहेत, असा देखावा लोकांनीं पाहिला. जादा वेळांत बार्बाडोसनें गोल केला, व तो दोन धरून ४-२ असा निकाल लागला. ग्रेनाडाच्या शिक्षकांस अतिशय राग आला, व तो योग्यच होता. परंतु बार्बाडोसला शिक्षा झाली नाहीं, कारण जिंकण्यासाठीं जें करणें अवश्य होतें तेंच त्यानें केलें होतें. अपराधी कोण असेल तर तो ज्यानें तो दुप्पट गोलाचा नियम लिहिला तो.

याच्या उलट, १९९८ सालीं आग्नेय आशियाच्या टायगर चषकांत थायलंड व इंडोनेशिया यांच्या सामन्यांत घडलें त्याची आम्ही गय करणार नाहीं. दोघेही पुढच्या फेरींत पोहोंचलेलेच होते; जो जिंकेल त्याची गांठ यजमान व्हिएतनामशीं पडावयाची होती, व ती दोघांसही नको होती. अखेर इंडोनेशियाच्या एका गड्यानें चेंडू जाणूनबुजून स्वतःच्या जाळ्यांत मारला आणि थायलंड ३-२ असा जिंकला. येथें दोन्ही संघ पुढें होतेच. सोपा प्रतिस्पर्धी मिळावा एवढ्याचसाठीं प्रेक्षकांची थट्टा झाली. पुढच्या फेरींत दोघेही हरले.

गुण किती द्यावे, यानेंही खेळ बदलतो. विजयास दोन व बरोबरीस एक अशी जुनी रीति असतांना बरोबरी म्हणजे अर्धा विजय होत असे, व सावध संघास तेवढें पुरे. १९९० सालीं इटलींतील स्पर्धेंत इंग्लंड, आयर्लंड, हॉलंड व इजिप्त यांच्या गटांत सहा सामने झाले. त्यांतील पांच बरोबरींत सुटले. आयर्लंड व हॉलंड यांचे गुण समान, केलेले गोल समान, झालेले गोल समान, एकमेकांशीं बरोबरी! दुसरें व तिसरें स्थान चिठ्ठीनें ठरवावें लागलें. चिठ्ठी आयर्लंडच्या बाजूनें निघाली व त्याची गांठ रुमानियाशीं पडली. हॉलंडच्या वाट्यास पश्चिम जर्मनी आली, आणि तिनें त्यास हरवून पुढें विश्वचषकही जिंकला. त्या स्पर्धेंत ५२ सामन्यांत ११५ च गोल झाले. १९९४ च्या अमेरिकेंतील स्पर्धेपासून विजयास तीन गुण दिले जाऊं लागले, आणि तितक्याच सामन्यांत १४१ गोल झाले. सगळें श्रेय तीन गुणांस देणें बरोबर होणार नाहीं. मधल्या काळांत, १९९२ सालीं, आपल्याच गड्यानें पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये असा नियम झाला होता. त्यानेंही वेळ काढण्याची एक सोय बंद पडली.

चिठ्ठीचा प्रसंग शक्यतों टळावा म्हणून पुढें आणखी एक कसोटी घालण्यांत आली: ज्या संघास पंचांकडून ताकिदीचीं कार्डें कमी मिळालीं तो वर. २०१८ सालीं रशियांत जपान व सेनेगल यांचे गुण, गोल, परस्पर-निकाल सर्व समान झालें, आणि जपानचीं पिवळीं कार्डें चार व सेनेगलचीं सहा म्हणून जपान पुढें गेला. सभ्य खेळास बक्षीस मिळालें असें वरवर वाटेल. परंतु प्रत्यक्षांत काय झालें? जपान पोलंडविरुद्ध एका गोलानें मागें होता. त्याच वेळीं दुसऱ्या मैदानावर सेनेगलही कोलंबियाविरुद्ध एका गोलानें मागें आहे, ही वार्ता जपानच्या शिक्षकांस कळली. तेव्हां आणखी गोल होऊं नये व आणखी कार्ड मिळूं नये म्हणून जपानच्या गड्यांनीं अखेरचीं मिनिटें चेंडू आपल्याच अर्ध्या भागांत फिरवीत काढलीं. पोलंडही जिंकत असल्यामुळें स्वस्थ राहिला. सभ्यतेच्या नियमानेंच प्रेक्षकांचा हुर्यो ओढवून घेतला! सामने एकाच वेळीं खेळविले तरी वार्ता थांबविणें कोणाच्या हातांत नाहीं.

२०२६ च्या स्पर्धेसाठीं संघांची संख्या ३२ वरून ४८ करण्याचें ठरलें, तेव्हां प्रथम तीन तीन संघांचे सोळा गट करावे असा बेत होता. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं तीन संघांच्या गटांत अखेरच्या दिवशीं एक संघ नेहमींच रिकामा बसतो, आणि इतर दोघांस हिशेब ठाऊक असतो; म्हणजे हिहोनचा प्रसंग सोळा गटांत सोळा वेळां घडण्याची सोय. सुदैवानें हा बेत २०२३ च्या मार्चमध्यें रद्द झाला, व चार चार संघांचे बारा गट, एकंदर १०४ सामने, अशी मांडणी ठरली. जागा वाढल्या याचें आम्हांस समाधान आहे. आफ्रिकेस नऊ व आशियास आठ थेट जागा मिळाल्या. उझबेकिस्तान, जॉर्डन, केप व्हर्दे व अवघ्या दीड लाखांच्या आसपास वस्तीचें कुरासाव हीं राष्ट्रें प्रथमच पात्र ठरलीं. भारताचा संघ आशियाच्या दुसऱ्या पात्रता-फेरींतच २०२४ च्या जूनमध्यें थांबला. जागा वाढल्यानें दार रुंद होतें, परंतु दारापर्यंत आपल्याच पायांनीं चालावें लागतें.

नव्या मांडणींत बारा गटांचे पहिले दोन संघ पुढें जावयाचे, म्हणजे चोवीस; आणि बाद फेरीस बत्तीस हवे, म्हणून तिसऱ्या स्थानावरील बारांतून उत्तम आठ निवडावयाचे. ही युक्ति नवी नाहीं. १९८६, १९९० व १९९४ च्या विश्वचषकांत ती होती, आणि २०१६ च्या युरोपीय स्पर्धेंत तिच्याच आधारानें पोर्तुगालनें गटांतील तिन्ही सामने बरोबरींत सोडवून, तिसऱ्या स्थानावरून पुढें जाऊन, अजिंक्यपद मिळविलें. सर्व बाद फेऱ्या धरूनही नव्वद मिनिटांच्या आंत त्यानें एकच सामना जिंकला होता. तिसऱ्या स्थानास किंमत आली म्हणजे तीन बरोबऱ्यांसही किंमत येते, व सावध संघ त्या हिशेबानेंच उतरतो. आणि येथें हिहोनचें भूतही पूर्णपणें गाडलेलें नाहीं. ज्या गटाचे अखेरचे सामने आधीं होतात त्यांतील तिसऱ्या संघास आपलें पुढें काय होणार हें न कळतां दिवस काढावे लागतात. ज्या गटाचे मागून होतात त्यांतील संघांस किती गुण व किती गोल पुरे आहेत हें आधींच कळलेलें असतें. हा भेद नाहींसा करावयाचा तर बाराही गटांचे मिळून अखेरचे चोवीस सामने एकाच वेळीं खेळवावे लागतील; आणि तें कोणत्याही मंडळास शक्य नाहीं.